आरसी ऑफ-रोड ट्रक: अपग्रेड आणि देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारी गाडी. खालची उत्तरं एक-दशांश मापाच्या, बॅटरीवर आणि मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या शॉर्ट कोर्स ट्रकला (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती ट्रकच्या छोट्या प्रतिकृतीला) धरून लिहिली आहेत. नेमकं सांगायचं तर ट्रॅक्ससच्या टू-व्हील-ड्राइव्ह स्लॅशला. २००८ साली आलेली ही गाडी साधी आहे, तिचे सुटे भाग मिळतात आणि तिच्यावर शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडतं. तुमच्याकडे डब्ल्यूएलटॉइज, एचएसपी किंवा तामियाची गाडी असेल तर मापं बदलतील, कारणं बदलणार नाहीत.

नवीन गाडी आली. सगळ्यात आधी काय अपग्रेड करू?

काहीच नाही. आहे तशी पळवा आणि काय तुटतं ते बघा. उड्या मारणाऱ्याचे पुढचे आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे) तुटतात, सोसायटीच्या सिमेंटवर फिरवणाऱ्याचे टायर झिजतात, वाळूत खेळणाऱ्याची बेअरिंग जातात. तिघांना एकच "अपग्रेड किट" विकणारा दुकानदार तिघांपैकी कुणाचाच प्रश्न सोडवत नाही.

हात शिवशिवत असतील तर पैसे या क्रमाने घालवा: चांगला चार्जर, चांगली बॅटरी, चांगले पाने, मग बेअरिंग. मोटर सगळ्यात शेवटी. हा क्रम कुणाला आवडत नाही, कारण पहिल्या चार गोष्टींचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखं काही नसतं.

दुसरं असं की प्रत्येक गाडीत एखादा स्वस्त भाग मुद्दाम कमकुवत राहू द्यायचा. तो घरातल्या फ्यूजसारखा असतो. धक्का कुठेतरी जाणारच. आर्म, हब, शाफ्ट सगळं धातूचं केलंत तर तो चेसिसमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या घरात जाऊन बसतो, आणि थोडक्यात मिटणारी दुरुस्ती दहापट महाग होते.

ॲल्युमिनियमचे आर्म छान दिसतात. बसवू का?

शोकेसमध्ये ठेवणार असाल तर जरूर. पळवायची असेल तर नको. नायलॉनचा आर्म धक्क्याला वाकतो आणि परत मूळ आकारात येतो. ॲल्युमिनियमचा वाकतो आणि वाकलेलाच राहतो. बरं, तो वाकलाय हे डोळ्यांना लगेच कळतही नाही. गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि तुम्ही आठवडाभर रिमोटवरचं ट्रिमचं (गाडी सरळ धावावी म्हणून स्टिअरिंग जुळवायचं) बटण फिरवत बसता. आर्मसाठी आरपीएमसारख्या कंपनीचे जाड नायलॉनचे भाग हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

ॲल्युमिनियम जिथे कामाचं आहे त्या जागा थोड्या आहेत. शॉकअपच्या टोप्या ही पहिली, कारण प्लॅस्टिकची टोपी मोठ्या उडीनंतर आट्यांमधून सुटते आणि सगळं तेल मैदानात सांडतं. चाक ज्यावर बसतं ते १२ मिलिमीटरचे षटकोनी हेक्स ही दुसरी. स्टिअरिंगचे बेलक्रँक (चाकं वळवणारे फिरते दांडे) बेअरिंगवाले घेतले तर स्टिअरिंगमधला खेळ कमी होतो, तेही चालेल. बाकीचा निळा-लाल चकचकाट वजन वाढवतो.

गाडीसोबत आलेली निकेलची (एनआयएमएच) बॅटरी बदलून लायपो (लिथियम पॉलिमर) घ्यावी का?

हो. गाडी एकदम वेगळी वाटेल असा बदल हाच आहे. सहा सेलची एनआयएमएच बॅटरी ७.२ व्होल्टची असते, पण ॲक्सिलरेटर दाबला की व्होल्टेज खाली बसतं आणि पॅक अर्धा संपला की गाडी सुस्तावते. दोन सेलची लायपो, म्हणजे टू-एस, ७.४ व्होल्टची. कागदावरचा फरक किरकोळ आहे, पण लोडखाली ती तग धरते आणि जवळजवळ शेवटपर्यंत सारख्या जोमाने चालते. वजनही कमी.

मात्र घेण्याआधी ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, बघा. स्लॅशच्या ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेल्या साध्या मोटरच्या) आवृत्तीत एक्सएल-५ ईएससी असतो. तो टू-एसपर्यंतच चालतो. "थ्री-एस लावून बघितलं, दोन मिनिटं भन्नाट पळाली" ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेल. तिसऱ्या मिनिटाचं विचारा.

लो-व्होल्टेज कटऑफचं सगळे बजावतात. ते नेमकं काय?

लायपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो आणि पळताना ३.२ च्या खाली गेला की त्याचं नुकसान सुरू होतं. ३ च्या खाली वारंवार नेलात तर बॅटरी फुगते. ईएससीने हे ओळखून मोटर आधीच मंद करायची, हेच कटऑफचं काम. एक्सएल-५ मध्ये ते बंद-चालू करता येतं: गाडी चालू केल्यावर दिवा हिरवा असेल तर कटऑफ चालू, लाल असेल तर बंद. निकेल बॅटरीला लाल चालतो, लायपोला हिरवाच हवा. सेकंड-हँड गाडी घेतलीत तर पहिल्यांदा हा दिवा बघा. आधीच्या मालकाने काय ठेवलं होतं ते देवाला ठाऊक.

स्वस्त गाड्यांमध्ये कटऑफ नसतोच. तिथे बॅटरीच्या बॅलन्स वायरला लावायचा छोटा व्होल्टेज अलार्म मिळतो. किंकाळी फोडतो, पण बॅटरी वाचवतो.

५००० एमएएच, ५०सी… हे आकडे कसे वाचायचे?

एमएएच म्हणजे टाकी केवढी. सी म्हणजे ती किती वेगाने रिकामी करता येते. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. २५सी असेल तर ५ गुणिले २५, म्हणजे १२५ अँपिअर सलग देता यायला हवेत. द्यायला हवेत असं म्हणतोय, कारण सीचे आकडे छापताना हात सैल सुटलेला असतो. "१००सी" लिहिलेला हलका, छोटा पॅक दिसला तर वजन तोलून बघा. त्याच क्षमतेच्या दुसऱ्या पॅकपेक्षा तो बराच हलका निघाला तर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक: या गाडीला बाहेरून कडक प्लॅस्टिकचं कवच असलेली हार्ड-केस बॅटरी घ्या. आरसी विमानासाठीची मऊ बॅटरी दगडाने चेपते. बॅटरीचा कनेक्टरही तपासा. जुना पांढरा तामिया कनेक्टर जास्त करंटला तापून वितळतो. एक्सटी-६०, डीन्स किंवा ट्रॅक्ससचा स्वतःचा, यातला एक ठरवा आणि घरात सगळीकडे तोच ठेवा. डाग देताना, म्हणजे सोल्डर करताना, निदान ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न हवा. मोबाइल दुरुस्तीच्या बारीक आयर्नने जाड वायर तापतच नाही, डाग वरवर बसतो आणि एक दिवस उडीतच सुटतो.

चार्जिंग कशी करावी? आई घरात करू देत नाही.

आईचं बरोबर आहे, पण तोडगा आहे. चार्जर बॅलन्स करणारा हवा, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजणारा. दर १सी: ५००० एमएएचला ५ अँपिअर. चार्जरवर प्रकार "लायपो" आणि सेलची संख्या दोन्ही बरोबर आहेत का, हे दरवेळी बघायचं. लायपो चुकून निकेलच्या सेटिंगवर लावली तर आग लागू शकते. चार्जिंग फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, पडद्यापासून, गादीपासून लांब, आणि तुम्ही जागे आणि त्याच खोलीत असताना. बाजूला कोरड्या वाळूची बादली ठेवलीत की आईशी बोलणी सोपी होतात.

पावसाळ्यात चार महिने गाडी बंद असते. बॅटरीचं काय?

भरून ठेवू नका, संपवूनही ठेवू नका. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायची. चार्जरमध्ये "स्टोरेज" नावाचा पर्याय त्यासाठीच आहे. रविवारी जायचं म्हणून शनिवारी भरली, मग रविवारी पाऊस आला आणि बॅटरी तशीच पंधरा दिवस राहिली: बहुतेक लायपो पळून नाही, अशा पडून मरतात.

पावसाळ्यापेक्षा उन्हाळा जास्त वाईट. विदर्भात बाहेर ४५ अंश असताना बंद कारच्या डिकीत किती होत असेल याचा विचार करा. गाडी डिकीत राहिली तर चालेल, बॅटरी तुमच्याबरोबर सावलीत आली पाहिजे. मैदानावरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. हाताला थंड लागू द्या.

बॅटरी थोडीशीच फुगली आहे. चालेल का?

नाही. टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. १२ व्होल्टचा बल्ब लावून ती हळूहळू पूर्ण रिकामी करा, मोकळ्या जागेत. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नसतात.

ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर कधी घ्यावी आणि किती केव्हीची?

ब्रश्ड मोटर जळेपर्यंत थांबा. ब्रश झिजतात, कम्युटेटर काळा पडतो, गाडी हळू होते. तोपर्यंत तुमचा हातही तयार झालेला असतो.

केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर मोकळी किती फेरे घेते. ३५०० केव्हीची मोटर टू-एसवर ३५०० गुणिले ७.४, म्हणजे मिनिटाला २५,९०० फेरे. आता गाडीचा वेग काढू. स्लॅशच्या गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.७२ आहे. स्पर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर) ८६ दातांचा आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) १९ दातांचा असेल तर ८६ भागिले १९ गुणिले २.७२, म्हणजे साधारण १२.३. मोटर १२.३ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. टायरचा व्यास ११ सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात ३४-३५ सेंटिमीटर अंतर. सगळं गुणलं की ताशी ४३-४४ किलोमीटर येतात. तीच मोटर थ्री-एसवर ६५ च्या घरात जाते. हा हिशेब कागदावरचा. माती, वारा आणि घर्षण त्यातून आपला वाटा काढून घेतात. तरी पिनियन बदलण्याआधी करून बघावा, कारण दोन दात वाढवले की वेग चार-पाच किलोमीटरने वाढतो, पण मोटरची गरमी त्यापेक्षा बरीच जास्त वाढते.

मोठी गाडी आहे, म्हणून लहान ५४० मापाची, जास्त केव्हीची मोटर घेऊ नका. ३६६० मापाची, म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ६० लांबी, ३५०० ते ४००० केव्हीच्या आत, ही या वजनाला शोभते. ईएससी तिच्या जोडीचाच घ्या. आणि खर्च तिथे संपत नाही हे आधीच समजून असा. मागचे प्लॅस्टिकचे सरकते शाफ्ट थ्री-एसला टिकत नाहीत, पोलादी सीव्हीडी (सांध्याचे शाफ्ट) लागतात. मग गिअरबॉक्समधला वरचा गिअर, मग टायर, कारण जास्त फेऱ्यांवर ते फुग्यासारखे फुलतात. ब्रशलेस म्हणजे एक वस्तू विकत घेणं नव्हे, वर्षभराची यादी घरी आणणं.

मोटर किती गरम झालेली चालते?

बाहेरून ८० अंशांच्या आसपास आली की थांबा. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. करोनाच्या काळात घरात आलेली कपाळाला लावायची बंदूक इथे कामाची नाही. ती बहुतेकदा ४२-४३ च्या वर आकडाच दाखवत नाही. बोटाने बघायची पद्धत आहे, पण तिची किंमत बोटाने मोजावी लागते.

गरम होण्याची कारणं तपासायचा क्रम: पिनियन मोठा आहे का, गिअर फार घट्ट बसलेत का, एखादं बेअरिंग जाम आहे का, शाफ्टला केस किंवा गवत गुंडाळलंय का. आणि जमीन. काळ्या मातीचा ओला थर चाकांना बसला की प्रत्येक चाकाचं वजन कितीतरी वाढतं आणि मोटरची वाट लागते. उंच गवत तर त्याहून वाईट. कायम गवतातच चालवत असाल तर पिनियन दोन दातांनी लहान करा. गरमीने ब्रशलेस मोटरमधलं निओडिमियम चुंबक कायमचं कमजोर होतं. मग मोटर चालते, पण पूर्वीसारखी नाही, आणि आणखी तापते.

पळताना करकर आवाज येतो.

बहुतेकदा पिनियन आणि स्परमधलं अंतर. वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींच्या दातांमध्ये घाला, मोटर स्परला चिकटवून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. तिच्यावर दातांच्या घड्या नीट उमटल्या पण ती फाटली नाही, म्हणजे बरोबर. मग स्पर एक पूर्ण फेरा फिरवून चार ठिकाणी बघा, कारण स्पर कधीच अगदी गोल नसतो. पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला पाहिजे.

नवा पिनियन मागवताना पिच, म्हणजे दातांचं माप, बघा. ४८ पिच आणि ३२ पिच एकमेकांत बसत नाहीत. ३२ पिच आणि ०.८ मॉड मात्र जवळजवळ सारखे आहेत, म्हणून अडीअडचणीला चालतात. भोक ३.१७ मिलिमीटरचं की ५ चं, तेही.

स्लिपर क्लच किती आवळायचा?

स्लिपर म्हणजे जोराचा धक्का आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच. त्याचा नट पूर्ण आवळा, मग अर्धा ते एक फेरा सैल करा. सुरुवातीला एकदम थ्रॉटल दिला की फूट-दोन फूट बारीक सुंई असा आवाज यावा. अजिबात नाही आला तर धक्के गिअरचे दात खाणार. सारखा येत राहिला तर स्लिपरच्या उष्णतेने स्पर वितळणार.

बेअरिंग कधी बदलायची?

चाक हातात धरून हलवा. खेळ जाणवला किंवा फिरवताना खरखर लागली की वेळ झाली. स्लॅशच्या चाकांत मुख्यतः ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटरची बेअरिंग असतात. हे माप इतकं सामान्य आहे की तुमच्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात विचारलं तरी मिळू शकतं. रबरी सीलवाली घ्या. तामियाच्या बऱ्याच किटमध्ये बेअरिंगऐवजी साधे बुश (गोळ्या नसलेली कडी) येतात. ते काढून बेअरिंग घालणं हे त्या गाडीचं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

जुनी वाचवायची तर सुईने सील अलगद उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने माती उडवायला हरकत नाही, पण त्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवायचं नाही. आवाज मजेदार येतो, बेअरिंग मरतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल: ते पाणी हाकलायला उत्तम. वंगण म्हणून ते टिकत नाही. मारा, पुसा, मग तेल घाला.

शॉकअपमध्ये कुठलं तेल? बाइकचं फोर्क ऑइल चालेल का?

सिलिकॉन तेलच घाला. फोर्क ऑइल खनिज तेल असतं, त्याने ओ-रिंगा फुगू शकतात. या गाडीला ३० ते ४० वेटचं (आकडा मोठा तितकं तेल जाड) योग्य. उन्हाळ्यात तेल पातळ वागतं म्हणून मे महिन्यात ४० आणि थंडीत ३० असं करणारे लोक आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

भरायची पद्धत निवांत आहे. शॉकअप उभा धरा, रॉड खाली ओढा, तेल काठापर्यंत. रॉड हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे येतील. पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या, पुन्हा भरा, टोपी लावा. घाई केलीत तर आत हवा राहते आणि शॉकअप दाबताना चुळूक-चुळूक आवाज करतो. चारही सारखे भरले आहेत का, हे गाडी गुडघ्याच्या उंचीवरून सपाट जमिनीवर सोडून कळतं: ती एकदा दबून वर यावी आणि तिथेच थांबावी. पोट आपटलं तर तेल पातळ किंवा स्प्रिंग नरम. उडी घेऊन परत उसळली तर स्प्रिंगच्या मानाने तेल पातळ.

डिफरन्शियलला तेल लागतं का?

स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा, गाडीत आतल्या बाजूचं मागचं चाक वळणात नुसतं भिरभिरतं. जाड सिलिकॉन तेल घातलं की दोन्ही चाकं थोडी बांधली जातात. १०,००० सीएसटीपासून (हेही तेलाच्या जाडपणाचं माप) सुरुवात करा. ५०,००० पर्यंत लोक जातात. पूर्ण जाम केलंत तर गाडी वळायलाच नाही म्हणते.

गाडीवर "वॉटरप्रूफ" लिहिलंय. पावसात चालवू का?

चालवू शकता. ईएससी, रिसीव्हरची डबी आणि सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) पाणी सोसतात. बेअरिंग, स्क्रू आणि शाफ्टच्या पिना सोसत नाहीत. म्हणजे पाणी गाडीला त्या दिवशी मारत नाही, चार दिवसांनी मारतं. पावसात गेलात तर घरी आल्यावर बॅटरी काढा, साध्या पाण्याने चिखल धुवा, वाळवा, गरज पडली तर हेअर ड्रायरची थंड हवा. मोटर काही सेकंद हळू फिरवून आतलं पाणी काढा. बेअरिंगना तेल. चाकं काढून हेक्समागे साठलेलं पाणी बघा. टायरच्या आतल्या स्पंजात पाणी शिरलं असेल तर रिमच्या किंवा टायरच्या भोकातून हलवून काढावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी गाडी वॉशिंग मशीनसारखी थरथरते.

कोकणातल्या लाल मातीची बारीक पूड सगळीकडे जाते, पण ब्रशने निघते. काळी चिकण माती ओली असताना खरवडून काढू नका. वाळू द्या, ढेकळं आपोआप सुटतात.

समुद्राकाठी मात्र माझं स्पष्ट मत आहे: ओल्या वाळूत नको. मीठ दोन दिवसांत स्क्रू गंजवतं. त्यात रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट-मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबकाला चिकटणारे हे कण उघड्या खिडक्यांच्या मोटरमध्ये शिरले की मोटर साफ करणं जवळजवळ अशक्य होतं. हट्टाने गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

रोजची निगा किती करायची?

दहा मिनिटांची. रंगाच्या दोन इंची ब्रशने माती झाडा, प्रत्येक चाक हलवून बघा, चाकांचे नट ७ मिलिमीटरच्या पान्याने तपासा, शाफ्टला काही गुंडाळलंय का ते बघा. धातूत बसणारे स्क्रू सैल होतात. तिथे निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, लाल नव्हे. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला लॉकटाइट लावायचं नाही, प्लॅस्टिक तडकतं. तिथे आटे गेले असतील तर थोडा लांब स्क्रू घाला. पाने २ आणि २.५ मिलिमीटरचे, चांगल्या पोलादाचे घ्या. फुकटात येणारी एल आकाराची ॲलन की स्क्रूचं डोकं गोल करते, आणि मग ते काढण्यात तुमचा रविवार जातो.

स्टिअरिंग लगेच सरळ होत नाही, किटकिट आवाज येतो.

सर्व्होच्या गिअरचा दात गेला. मेटल गिअरचा, वॉटरप्रूफ, १५ ते २० किलो ताकदीचा सर्व्हो घ्या. हॉर्न (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारा दांडा) बसतो का बघा; सर्व्होच्या शाफ्टला २३, २४ किंवा २५ दात असतात आणि जवळपास बसणं म्हणजे बसणं नव्हे. ताकदवान सर्व्हो जास्त करंट ओढतो, ईएससीचा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग) कमी पडला तर पूर्ण वळणात रिसीव्हर बंद पडून गाडी मोकाट सुटते. सर्व्हो सेव्हरची (धक्का सर्व्होपर्यंत जाऊ न देणाऱ्या भागाची) स्प्रिंग काढून "डायरेक्ट" करण्याचा सल्ला मिळेल. घेऊ नका.

टायर रिममधून निघतो.

फेविक्विक. पण आधी रिमची खाच आणि टायरची कड अल्कोहोलने पुसा, नाहीतर चिकटत नाही. नवे चाक घेताना लक्षात ठेवा: टू-व्हील-ड्राइव्ह स्लॅशच्या पुढच्या आणि मागच्या रिमचा ऑफसेट वेगळा असतो. चारही सारखे मागवून पस्तावणारे बरेच आहेत.

उडी मारली की गाडीचं तोंड वर होतं.

शॉर्ट कोर्सची बॉडी चाकांवरून खाली येते, आत हवा भरते आणि तिचा पॅराशूट होतो. मागच्या बंपरच्या वरच्या भागाला आणि बाजूंना भोकं पाडा. हवेत असताना तोंड वर गेलं तर ब्रेक मारा, खाली गेलं तर थ्रॉटल द्या. फिरणाऱ्या चाकांच्या जोरावर गाडी सावरते.

बॉडी तडकली असेल तर आतून जिप्सम बोर्डच्या जोडाला लावतात ती जाळीची पट्टी आणि बुटाचा लवचिक गोंद. थिनर किंवा ॲसिटोन त्या पॉलिकार्बोनेटला लावू नका. रंग कायम आतून, पॉलिकार्बोनेटचाच. साधा स्प्रे पहिल्या आपटीत सोलून निघतो.

नवीन रिमोट जोडला, आता गाडी थांबल्यावरही हळू सरकते.

ईएससीला नवीन रिमोट शिकवावा लागतो. एक्सएल-५ चं बटण दाबून धरा. दिवा हिरवा, मग लाल झाला की सोडा. लाल एकदा लुकलुकला की थ्रॉटल पूर्ण पुढे, दोनदा लुकलुकला की पूर्ण मागे, मग सोडून द्या. आणि नेहमीचा नियम: आधी रिमोट चालू, मग गाडी, बंद करताना आधी गाडी.

नऊ वर्षांच्या मुलाला द्यायची आहे.

एक्सएल-५ मध्ये ट्रेनिंग मोड आहे, वेग निम्मा होतो. तो लावा. तरी अडीच-तीन किलोचं धूड आहे, पायावर बसलं तर लागतं. रस्त्यावर नाही, गर्दीच्या बागेत नाही.

बॅटरीऐवजी नायट्रो, म्हणजे इंधनाच्या इंजिनची गाडी?

इंधन मिळवण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात बॅटरीची गाडी दोनदा खोलून बसवून होते.

क्रॉलरला (खडकांवर हळूहळू चढणाऱ्या गाडीला) हेच सगळं लागू?

देखभाल हीच, अपग्रेड उलटे. तिथे वेग नको, वजन खाली आणि पुढे हवं. पितळेचे हब आणि मऊ टायर यांनी फरक पडतो. अ‍ॅक्सियलची एससीएक्स-१० किंवा ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ घेतली असेल तर मोटरला हात न लावता आधी टायर बदला. सह्याद्रीतल्या खडकांवर, पावसाळा सोडून, क्रॉलर इतका दुसरा मजेदार प्रकार नाही.

भाग मागवायचे कुठून? बाहेरून मागवलं की कस्टममध्ये अडकतं.

खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं. कस्टमचा अधिकारी तुमच्या हॉबी-ग्रेड गाडीला खेळणं समजला की अख्खी गाडी अडकून राहू शकते. म्हणून गाडी भारतातल्या हॉबी दुकानातून घ्यावी, मागवताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. बेअरिंग, स्क्रू, सिलिकॉन तेल, इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी बाहेर जायची गरज नाही.

अमेरिकेहून दादा येतोय. त्याला बॅटरी आणायला सांगू का?

सांगा, पण दोन गोष्टी कळवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हँडबॅगेतच, टोकांना टेप लावून. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. टू-एस ५००० एमएएच म्हणजे ७.४ गुणिले ५, ३७ वॅट-तास, थ्री-एस साडेपंचावन्न. तरी विमान कंपनीचा नियम त्याने आधी वाचावा. चार्जर आणणार असेल तर त्याच्या मागची चिठ्ठी वाचायला सांगा: "१००-२४०" लिहिलं असेल तरच आणायचा. नुसतं ११० किंवा १२० लिहिलेला आपल्याकडच्या प्लगमध्ये घातला की धूर येतो.